दयेचा नकार आणि कायद्याचा हक्क

खंडाळा म्हटले की बहुसंख्य मराठी वाचकांच्या नजरेसमोर बोरघाटाच्या माथ्यावरील, लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. परंतु प्रस्तुत लेखाचा संबंध आहे तो सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील, नीरा नदी आणि खंबाटकीचा घाट यांच्या दरम्यान पसरलेल्या खंडाळा तालुक्याशी. शिरवळची कारखानदारी, लोणंदची कांद्याची पेठ, आषाढीच्या वाटेवर नीरास्नान आटोपून लोणंदास मुक्कामी येणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील अहोरात्र रहदारी ही या तालुक्याची दृश्य ओळख होय. शिक्षणाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव कायमचे नोंदले गेले आहे ते निराळ्या कारणाने: ज्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला, ते गाव याच तालुक्यातील. ज्यांना शाळेचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते त्यांच्यासाठी १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात ते उघडणाऱ्या या शिक्षिकेच्या जन्मभूमीत, आजमितीस एखाद्या अंध, कर्णबधिर, सेरेब्रल पाल्सी असलेल्या अथवा बौद्धिकदृष्ट्या मागे पडणाऱ्या मुलाला शाळेचे दार कितपत उघडे आहे, हा प्रश्न तेथील प्रत्येक विचारी रहिवाशाने स्वतःस विचारावा असा आहे.

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध सापडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर अंमलात आला असून, शासनाच्या अनुदानावर अथवा मान्यतेवर चालणाऱ्या कोणत्याही शाळेस दिव्यांग मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागेल, अशी व्यवस्था त्यात होईल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. तथापि तालुक्याच्या ठिकाणी आणि वाडीवस्तीवर प्रत्यक्षात काय घडते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की मुलाची वाट अडते ती सहसा द्वेषाने वा तिरस्काराने अडत नाही. ती अडते सहानुभूतीच्या शब्दांनी, आणि नेमके म्हणूनच ती अडवणूक कायद्याच्या नजरेस पडत नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात त्या दिवसांत कोणत्याही गावी घडावा असा प्रसंग घेऊ. सहा वर्षांच्या, पायांत आणि बोलण्यात अधू असलेल्या मुलाला कडेवर घेऊन आई शाळेच्या कचेरीत उभी असते. मुख्याध्यापक खुर्ची पुढे करतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि अगदी मनापासून म्हणतात, "ताई, याची इथं आबाळ व्हायची हो. पोरं दांडगी आहेत, पायरीवरनं पडला तर कुणाच्या तोंडाला तोंड द्यायचं? एखाद्या चांगल्या संस्थेत घाला, न्हाई तर हे वरीस घरीच ऱ्हाऊ द्या, फुडल्या साली बघू." आई "बरं गुरुजी" म्हणून माघारी वळते. अर्ज घेतला गेलेला नसतो, नोंदवहीत नाव चढलेले नसते, नामंजुरीचा कागद निघालेला नसतो. बोलणारा निर्दय नसतो, ऐकणारीस अपमान झाल्यासारखे वाटत नाही, आणि तरीही त्या पाच मिनिटांत एका नागरिकाचा वैधानिक हक्क संपुष्टात आलेला असतो. पुढील साल येते तेव्हा मूल सात वर्षांचे झालेले असते आणि सबब तीच राहते.

असे होण्याचे कारण आपल्या परंपरेत आहे. विकलांगांच्या शिक्षणाचा आरंभ आपल्याकडे झाला तो धर्मादाय वृत्तीतून. मुंबईस माझगाव येथे कर्णबधिरांसाठी देशातील पहिली शाळा १८८५ च्या सुमारास उभी राहिली ती ख्रिस्ती धर्मगुरूंच्या प्रयत्नाने. त्याच नगरीत १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंध मुलांची शाळा काढली, जी पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. बौद्धिक विकलांगांसाठी १९४४ साली वकील दांपत्याने सुरू केलेली मुंबईची जय वकील शाळा, किंवा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईतच आरंभिलेले केंद्र, या सर्वांमागे व्यक्तींची करुणा, चिकाटी आणि देणगीदारांचा पैसा होता. कोल्हापुरास नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था १९८४ साली स्थापिली, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील विकलांगांना स्वतः चाकाच्या खुर्चीवरून कारभार पाहणाऱ्या नेतृत्वाचा आधार लाभला. या संस्थांचे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु देणगीवर उभ्या असलेल्या शाळेत जागा मिळणे हा उपकार असतो, मागता येण्याजोगा हक्क नसतो. आणि खंडाळ्याच्या डोंगरकुशीतील वाडीवर जन्मलेल्या मुलाला तर या मुंबई-पुण्याच्या संस्था म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी आईपासून कायमची ताटातूट असाच अर्थ होता.

या मुलांना सर्वसामान्य शाळांच्या व्यवस्थेतच स्थान असावे, हा विचार शासकीय पातळीवर ठामपणे मांडला गेला तो १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाच्या अहवालात. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, प्राथमिक शिक्षणाच्या कारभाराची नस जाणणारे गृहस्थ होते. विकलांगांचे शिक्षण हे दयेच्या खात्यात न टाकता सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचेच अविभाज्य अंग मानले पाहिजे, अशी आयोगाची भूमिका होती. त्यानंतर १९७४ साली एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. १९९२ साली विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन करणारा भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम संमत झाला. आणि १९९५ सालच्या अपंग व्यक्ती अधिनियमाने, जो ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अंमलात आला, प्रथमच अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा शब्द कायद्यात लिहिला. तो कायदा केवळ सात प्रकारची विकलांगता मानीत असे आणि त्याच्या भंगाबद्दल परिणामकारक शिक्षा त्यात नव्हती; म्हणून तो पुष्कळ अंशी सदिच्छेचा दस्तऐवज होऊन राहिला.

जगातही याच काळात विचारांची दिशा बदलत होती. अमेरिकेने १९७५ साली विकलांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा करून प्रत्येक मुलासाठी त्याच्या गरजेनुरूप स्वतंत्र शिक्षण-आराखडा लेखी तयार करण्याची सक्ती केली. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथील परिषदेने सर्वसमावेशक शाळांचा पुरस्कार केला. आणि १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकलांग व्यक्तींच्या हक्कांची सनद स्वीकारली. भारताने या सनदेस १ ऑक्टोबर २००७ रोजी विधिवत मान्यता दिल्यामुळे देशातील कायदा तिच्याशी सुसंगत करणे क्रमप्राप्त झाले, आणि त्या वचनाची पूर्ती म्हणून २०१६ चा अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमात विकलांगतेचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. स्वमग्नता, स्नायूंचा क्षय, बुटकेपणा, थॅलेसेमिया, सिकलसेल यांप्रमाणेच, वाचन-लेखन-गणनात अडखळणाऱ्या परंतु अन्यथा चलाख असलेल्या मुलांची विशिष्ट अध्ययन अक्षमता हीदेखील त्यात समाविष्ट झाली; आणि वर्गात 'ढ' म्हणून मागच्या बाकावर ढकलल्या गेलेल्या कित्येक मुलांना कायद्याने प्रथमच ओळख दिली. परंतु प्रकारांच्या वाढीहूनही महत्त्वाची गोष्ट भेदभावाच्या व्याख्येत आहे. एखाद्यास केवळ विकलांग म्हणून वगळणे हा तर भेदभाव आहेच. पण त्या व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून जी योग्य आणि आवश्यक तजवीज करणे शक्य आहे, जिचा बोजा अवास्तव नाही, ती नाकारणे हासुद्धा भेदभावच होय, असे कायदा स्पष्ट शब्दांत म्हणतो. मुख्याध्यापकांच्या सहानुभूतीच्या बोलण्याकडे या कलमाच्या प्रकाशात पाहावे. "पायरीवरून पडेल" हे मूल न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. ते पायरीशेजारी उतार बांधण्याचे कारण आहे. "पोरे त्रास देतील" हे त्याला घरी बसविण्याचे कारण नव्हे. ते वर्गात शिस्त आणि समज निर्माण करण्याचे कारण आहे. कायदा अडचण नाकारीत नाही. अडचणीचे ओझे मुलाच्या खांद्यावरून उचलून संस्थेच्या खांद्यावर ठेवतो.

ही वाजवी तजवीज म्हणजे काय, हे शब्दांपेक्षा उदाहरणांनी लवकर स्पष्ट होते. आपल्याकडील अनेक शाळांच्या दाराशी सिमेंटचा उतार बांधलेला आढळतो. तो खरोखर उपयोगाचा आहे काय हे टेपने मोजून पाहावे. मान्य प्रमाण असे की, एक फूट चढायचे असेल तर उताराची लांबी किमान बारा फूट हवी. म्हणजे शाळेचे जोते दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फूट लांब, दोन्ही बाजूंस कठडा असलेला आणि पावसात पाय न घसरेल असा खरबरीत पाहिजे. सहा फुटांत दीड फूट चढविणारा उतार चाकाच्या खुर्चीवरील मुलाला वर नेत नाही, त्याला उलटवतो. असा उतार तपासणीच्या तक्त्यात 'आहे' म्हणून नोंदला जातो, पण त्यावरून कोणी जाऊ शकत नाही. इमारती, वाहतूक आणि माहिती यांच्या सुगम्यतेची मानके शासनाने शिफारशीच्या स्वरूपात न ठेवता बंधनकारक केली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले, ते याच अनुभवाच्या आधारे.

तद्वत् कर्णबधिर मुलाचे पाहावे. ज्याला श्रवणयंत्राने थोडेबहुत ऐकू येते, त्या मुलाला शिक्षकाच्या ओठांची हालचाल पाहणे अत्यावश्यक असते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्या मुलाचा पाठ तेथेच तुटतो. त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसविणे आणि फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळून बोलणे या तजविजीस एक पैसाही लागत नाही. पूर्ण कर्णबधिर मुलास खुणांची भाषा जाणणारा शिक्षक हवा, आणि त्याची सोय करणे हे कायद्याने शासनाचे कर्तव्य आहे. अंध मुलाच्या हाती सहा टिंबांच्या घरांची ब्रेल पाटी आणि टोचणी द्यावी लागते. जाड कागदावर तो उजवीकडून डावीकडे टोचीत जातो, आणि कागद उलटा केला की उठून आलेली तीच टिंबे बोटांनी डावीकडून उजवीकडे वाचतो. सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल पद्धती १९५१ साली निश्चित झाल्यामुळे मराठी बाराखडी या टिंबांत पूर्णपणे लिहिता येते. वर्गशिक्षकाने ती स्वतः अवगत केली तर त्या मुलाचा गृहपाठ तपासण्यास तालुक्याहून कोणी येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

परीक्षेच्या बाबतीतही कायद्याच्या सतराव्या कलमाने अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते फेरफार करण्याचा आदेश दिला आहे: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. तासामागे वीस मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेस चार तास, ही सवलत आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षांतून पालकांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. परंतु लेखनिकाची मागणी परीक्षेच्या तोंडावर केली जाते, आणि वर्षभर कधीही दुसऱ्यास सांगून लिहविण्याचा सराव नसलेला मुलगा त्या दिवशी गोंधळून जातो. शहाणी शाळा हा सराव आठवीपासूनच सुरू करते.

येथे प्रमाणपत्राचा प्रश्न उपस्थित होतो. चाळीस टक्के अथवा त्याहून अधिक विकलांगता असल्याचा दाखला ज्याच्यापाशी आहे, त्याला कायदा काही विशेष हक्क देतो: सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा, शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण. या दाखल्यासाठी खंडाळ्याच्या पालकांना बहुधा घाट ओलांडून साताऱ्यास जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते, मुलासह दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि एखादा कागद कमी पडला तर पुन्हा खेप घालावी लागते. आता ओळखपत्र देशभर एकच असून त्यासाठीचा अर्ज संगणकावरून करता येतो. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील अशा पालकांचे अर्ज स्वतः भरून दिले आणि सर्वांस मिळून एकाच दिवशी साताऱ्यास नेण्याआणण्याची सोय केली, तर ते काम कोणत्याही सत्कारसमारंभाहून मोलाचे ठरेल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा राज्य शासनाचा आदेश आहेच. वर्षअखेरीस घाईघाईने वस्तूंचे वाटप करून ती संपविण्याऐवजी अशा गाडीभाड्यास, श्रवणयंत्राच्या दुरुस्तीस, शाळेच्या उतारास ती लावता येईल काय, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे.

तथापि दाखला नाही म्हणून तजवीज नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला की, लेखनिकासारखी सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या दाखल्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. टक्केवारी आरक्षणासाठी पाहावी, वाजवी तजवीज मात्र प्रत्येक विकलांग व्यक्तीचा हक्क आहे. "आधी दाखला आणा, मग बघू" असे ज्या शाळेत सांगितले जाते, तेथे या निकालाची प्रत घेऊन जावे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा दुसरा आधारस्तंभ होय. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास तो लागू आहे आणि २०१२ सालच्या दुरुस्तीने विकलांग बालकांचा अंतर्भाव वंचित घटकांत झाल्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांवरही त्यांचा हक्क प्रस्थापित झाला. याच दुरुस्तीने तीव्र व बहुविध विकलांगता असलेल्या बालकास घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. ही तरतूद ज्या मुलास अंथरुणावरून हलणेही अशक्य आहे त्याच्यासाठी वरदान आहे. परंतु ती बालकाची व पालकांची निवड आहे, शाळेची नव्हे. ज्याला चाकाच्या खुर्चीवरून वर्गात नेता येते, त्याचे नाव 'गृहाधारित' म्हणून पटावर लिहून ठेवणे म्हणजे हजेरीपुरते त्याला शाळेत घेणे आणि आयुष्यापुरते घरात ठेवणे होय. अशा मुलास घरी अक्षरे कदाचित शिकविता येतील. पण मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणे, भांडणे, रुसणे, एकत्र हसणे या गोष्टी त्याला घरी कोणी शिकवू शकणार नाही, आणि त्याच्यासोबत कसे वागावे हे गावातील इतर मुलेही कधी शिकणार नाहीत.

विशेष शाळा आणि सर्वसामान्य शाळा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद कित्येकदा घातला जातो. माझ्या मते तो अनाठायी आहे. कायद्याने निवड पालकांवर सोपविली आहे, आणि ती योग्यच आहे. पूर्ण कर्णबधिर मुलाला आपल्याच खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या सवंगड्यांची सोबत विशेष शाळेत मिळते, ती गावच्या शाळेत मिळत नाही. उलटपक्षी अल्पदृष्टी असलेल्या किंवा एका पायाने अधू मुलास घरापासून दूर निवासी संस्थेत ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही. अडचण होते ती दोन खात्यांमुळे. सर्वसामान्य शाळा शिक्षण खात्याकडे, तर विशेष शाळा दीर्घकाळ समाजकल्याणाकडे आणि आता राज्याने २०२२ च्या डिसेंबरात स्थापन केलेल्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा कागद या दोन दप्तरांमध्ये अडकून राहू नये, यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांनी त्याचा मागोवा घेतला पाहिजे.

हे विशेष शिक्षक म्हणजे या सर्व व्यवस्थेचा कणा आहेत. ते गावोगाव फिरून एकेका मुलासाठी आराखडा आखतात, वर्गशिक्षकास युक्त्या सांगतात, पालकांना धीर देतात; आणि त्यांतील पुष्कळांनी वर्षानुवर्षे करारावर, तुटपुंज्या मानधनावर ही सेवा केलेली आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक स्तरावर दर दहा आणि त्यावरील वर्गांत दर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले, आणि २०२५ च्या मार्च महिन्यात राज्यांना ही पदे अधिसूचित करून भरण्याचा पुन्हा आदेश दिला. खंडाळ्यासारख्या तालुक्यात एका शाळेत असे एक किंवा दोनच विद्यार्थी असतात. त्यामुळे शिक्षक फिरता राहणे अपरिहार्य आहे. पण फिरता शिक्षक महिन्यातून एखाद्या वेळी येऊन गेला आणि उरलेले दिवस मूल नुसते बसून राहिले, तर तो प्रवेश केवळ नावापुरता होतो. म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकास या मुलांना शिकविण्याची प्राथमिक दीक्षा मिळालीच पाहिजे.

बौद्धिक विकलांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ सालचा राष्ट्रीय न्यास अधिनियम निराळी काळजी घेतो. "आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?" हा प्रश्न अशा प्रत्येक आईबापाच्या काळजात रुतून बसलेला असतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. सातबाऱ्यावरील वारसनोंद किंवा बँकेतील खाते या कामी अडचण आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अठरावे वर्ष लागताच हा अर्ज करणे शहाणपणाचे.

आता दाद कोठे मागावी, हे सांगणे आवश्यक आहे, कारण ज्या हक्कास दाद नाही तो हक्क कागदावरच राहतो. शाळेने प्रवेश वा सोय नाकारल्यास प्रथम शाळा व्यवस्थापन समितीकडे आणि खंडाळा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. तेथे दखल न घेतल्यास सातारा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. शिक्षणहक्क कायद्यान्वये अशा लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या मुदतीत द्यावयाचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होते. दिव्यांगांच्या हक्कभंगाची चौकशी करण्याचा अधिकार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांना असून, साक्षीदारांस बोलाविणे, कागदपत्रे हजर करविणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित खात्याने तीन महिन्यांत कार्यवाही करावी लागते. अधिनियमाच्या भंगास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीस हेतुपुरस्सर अपमानित करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. छळ वा पिळवणूक होत असल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तालुक्यात तहसीलदारांकडे, तक्रार करता येते. वकिलाच्या फीची चिंता पुष्कळांना मागे खेचते. परंतु १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो.

एवढ्या पायऱ्या कायद्याने बांधल्या, तरी त्यांपैकी पहिलीवरही पाय ठेवता येत नाही, जर नकाराचा पुरावाच नसेल. तोंडी सहानुभूतीवर अपील होत नाही. न घेतलेल्या अर्जाची चौकशी कोणताही आयुक्त करू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील किती जणांच्या वाट्याला लहानपणी असा कागदाविना नकार आला असेल, याची गणती कोणत्याही दप्तरात नाही आणि असूही शकत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आपल्याकडे या कायद्याचे यशापयश त्याच्या कलमांवर ठरणार नाही, न्यायालयांच्या निकालांवरही ठरणार नाही. ते ठरेल शाळेच्या कचेरीतील त्या पाच मिनिटांच्या संभाषणात कागद पुढे येतो की नाही यावर.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या जूनमध्ये शाळेत जाल तेव्हा प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, त्याची तारीखवार पोच घ्या, मुलास कोणकोणत्या सोयी लागतील ते त्याच अर्जात लिहा, आणि नकार मिळालाच तर तोही कारणासहित लेखी मागा. मुख्याध्यापकांना विनंती अशी की, आपल्या मनातील दया खरी असेल, आणि ती खरी असते याबद्दल मला शंका नाही, तर तिची सुरुवात पटावर मुलाचे नाव चढविण्यापासून करा. उतार, बाक, पाटी, लेखनिक या गोष्टी त्यामागून आणता येतात. सरपंच व ग्रामसेवकांनी दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवून गावातील शाळाबाह्य दिव्यांग मुलांची यादी त्याच सभेत वाचावी. ज्या तालुक्याने सावित्रीबाई दिल्या, त्या तालुक्यात एकही मूल त्याच्या शरीराच्या अथवा बुद्धीच्या उणिवेमुळे शाळेबाहेर राहता कामा नये. आणि राहिले, तर त्याचा जाब विचारण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक पालकाला दिलेला आहे.